यहोशवाचा पंधरावा अध्याय कोण वाचतं?

खारवडी

पवित्र शास्त्र (बायबल) पहिल्या पानापासून सलग वाचायचं ठरवलेली माणसं सहसा दोन ठिकाणी गळतात. एक लेवीय हा ग्रंथ, आणि तिथून निभावलीच तर यहोशवा या ग्रंथाचा तेरावा अध्याय. तोवर यरीहोचे तट पडलेले असतात, गिबोनावर सूर्य थांबलेला असतो, बाराव्या अध्यायात हरलेल्या 31 राजांची मोजदादही झालेली असते. आणि मग जिंकलेला देश इस्राएलाच्या वंशांत वाटायचं मोजणीचं दप्तरच उघडतं. सीमा अमुक चढापासून तमुक झऱ्याकडे, तिथून वळून खोऱ्यात, शेवट समुद्रापाशी. पानामागून पान हेच. अभ्यासवर्गात या अध्यायांवर कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नाही. ‘हे घरी वाचून घ्या’ म्हणतात आणि थेट चोविसाव्यावर उडी मारतात, कारण ‘मी आणि माझे घराणे परमेश्वराची सेवा करू’ हे वचन तिथे आहे आणि ते चौकटीत घालून भिंतीवर लावता येतं.

मला ही पानं आवडतात. नकाशा शेजारी ठेवून 15:5 ते 11 (अध्याय 15, वचनं 5 ते 11) वाचून बघा. यहूदा वंशाची उत्तर सीमा खाऱ्या (मृत) समुद्राच्या टोकाशी, यार्देन नदीच्या मुखापाशी सुरू होते. बेथ-होग्ला, बोहनाचा दगड, मग अखोर खोरं. अदुम्मीमचा चढ समोर ठेवून एन-शेमेश, एन-रोगेल. पुढे हिन्नोमच्या खोऱ्यातून यबूसी लोकांच्या, म्हणजे यरुशलेमच्या, दक्षिण कुशीला घासून वर. रेफाईमच्या खोऱ्याचं टोक, नेफ्तोहाचा झरा, किर्याथ-यारीम, खाली बेथ-शेमेश, तिम्ना, एक्रोन आणि समुद्र.

पहिल्यांदा वाचताना ही नुसती नावं. शास्त्र पुढे वाचून परत आलात की याच ओळीवर गर्दी दिसते. एन-रोगेलापाशी दावीदाचे दोन निरोपे लपून बसलेत, आणि काही वर्षांनी तिथेच अदोनीया स्वतःला राजा म्हणवून घेत मेजवानी झोडतोय. रेफाईममध्ये पलिष्टी पसरलेत. किर्याथ-यारीमला अबीनादाबाच्या घरात कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, वीस वर्षं पडून आहे. तोच कोश गाडीवर घेऊन दोन दुभत्या गाई हंबरत, वासरांकडे मागे न वळता, एक्रोनाहून बेथ-शेमेशला आल्या होत्या, आणि पलिष्ट्यांचे सरदार त्यांच्या मागोमाग बरोब्बर बेथ-शेमेशच्या सीमेपर्यंत चालत गेले. तिम्नाला शमशोन. जी रेघ मोजणीदाराने आखली तिच्यावर पुढची पाचशे-सहाशे वर्षं माणसं रडली, लढली, फसली.

मला यात आध्यात्मिक काय दिसतं ते सांगतो. अब्राहामाला वचन मिळालं तेव्हा ते ‘तुझ्या संततीला हा देश देईन’ इतकंच मोघम होतं. यहोशवात त्या वचनाला झरे, चढ, दगड आणि शेजारी मिळाले. वचन पाळणं म्हणजे शेवटी मोजमापापर्यंत येणं, असं मी या पानांवरून समजतो. ज्याला द्यायचंच नाही तो हद्द सांगत नाही.

तुम्ही हे अध्याय वाचता का? वाचत असाल तर काय हाती लागतं?

पहाटपक्षी

गाईंचा प्रसंग माहीत होता, पण सरदार सीमेवर थांबले हे कधी लक्षातच आलं नव्हतं. 1 शमुवेल 6:12 आत्ता उघडून बघितलं. आहे! लिहा अजून.

चौकस_मी

धागा चांगला, पण थोडं पाणी ओततो. या याद्या भक्तीसाठी लिहिलेल्याच नाहीत. आल्ब्रेख्त आल्ट आणि मार्टिन नोथ या जर्मन अभ्यासकांनी विसाव्या शतकात या अध्यायांची चिरफाड केली. त्यांचा निष्कर्ष साधारण असा, की इथे दोन वेगळी कागदपत्रं एकत्र शिवली आहेत. एक, वंशांच्या सीमांची, दुसरी, यहूदाच्या नगरांची, जी त्यांच्या मते बऱ्याच नंतरची, योशीया राजाच्या काळातली (इ.स.पू. 640 ते 609) प्रशासकीय यादी आहे, बारा विभागांत पाडलेली. सगळे अभ्यासक तारखेवर एकमत नाहीत, पण हा कारकुनी मजकूर आहे याबद्दल फारसा वाद नाही.

आणि कारकून घाईत होता याचा पुरावा हवा तर 15:32 बघा. ‘एकूण एकोणतीस नगरे’ असं लिहिलंय. वरची नावं बोटांवर मोजा, तिसाच्या बरीच पुढे जातात. आता यातही कुणी गूढ अर्थ काढणार असेल तर मी बाजूला बसून बघतो.

उंबरठा

चौकसराव, गूढ अर्थ काढणारी मी आले! 🙂

मला वाटतं शास्त्रात एकही नाव उगाच नाही. ओरिगेन या ख्रिस्ती भाष्यकाराने गणना ग्रंथाच्या 33 व्या अध्यायातले रानातले 42 मुक्काम घेऊन आत्म्याच्या प्रवासाचे 42 टप्पे उलगडले आणि मत्तयातल्या अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंतच्या 42 पिढ्यांशी ते जोडले. तिसऱ्या शतकातला माणूस, त्याला काय कमी समजत होतं?

आता हे बघा. यहोशवा 15 मध्ये यहूदाच्या शंभराहून जास्त नगरांची नावं आहेत. त्यात बेथलेहेम नाही! 19:15 मध्ये आहे, पण ते जबुलून वंशाच्या वाट्यातलं, उत्तरेकडचं दुसरंच. जिथे दावीद जन्मणार, जिथे प्रभू जन्मणार, ते गावच यादीत नाही. मीखा संदेष्टा म्हणतो ना, यहूदाच्या हजारांमध्ये तू लहान. देवाने ते गाव मोजणीतूनही लपवून ठेवलं. मला तर हे वाचून अंगावर काटा आला.

शोशन्ना

उंबरठाताई, काटा थोडा आवरा. इब्री (हिब्रू) प्रतीत बेथलेहेम नाही हे खरं. पण सेप्तुआजिंत, म्हणजे ख्रिस्तापूर्वी झालेलं जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर, त्यात याच अध्यायात 59 व्या वचनानंतर अकरा नगरांचा एक अख्खा गट आहे आणि त्यात ‘एफ्राथा, म्हणजे बेथलेहेम’ स्पष्ट लिहिलेलं आहे. कित्येक आधुनिक भाषांतरांच्या तळटीपेत तो गट देतात.

इब्रीतून तो गळला कसा याचं उत्तर सोपं आहे. प्रत्येक गटाच्या शेवटी तेच शब्द येतात, ‘इतकी नगरे व त्यांची खेडी’. हाताने नक्कल करणाऱ्याची नजर एका गटाच्या शेवटावरून पुढच्या गटाच्या तशाच शेवटावर घसरली आणि मधली अकरा नगरं राहून गेली. कुणीतरी थकलेला होता, बस्स.

उंबरठा

अरेरे. माझं चांगलं प्रवचन मारलंत की हो तुम्ही. पण नक्कल करणाऱ्याची नजर नेमकी तिथेच घसरली, यालाही काही...

चौकस_मी

नाही. 😄

खारवडी

चौकस, कारकुनी मजकूर आहे हे मला मान्यच आहे, आणि त्यामुळे माझं काही बिघडत नाही. आल्टचं म्हणणं शंभर टक्के खरं धरलं तरी प्रश्न उरतोच, की ही यादी पवित्र ग्रंथात का ठेवली? योशीयाच्या दरबारात ढीगभर कागद असतील. करवसुलीचे, धान्याचे, सैन्याचे. ते सगळे मातीत गेले. हा मात्र पिढ्यानपिढ्या हाताने उतरवून ठेवला, नगरं हातची गेल्यावरही. देश गमावून हद्दपारीत बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बसलेला माणूस ‘जिफ, तेलेम, बालोथ’ अशी नावं उतरवतो तेव्हा तो करवसुली नक्कीच करत नाहीये.

उंबरठा, तुमच्या बेथलेहेमबद्दल शोशन्नांनी सांगितलंच. माझा स्वतःसाठी एक नियम आहे. एखाद्या जागेला मी अर्थ चिकटवत नाही, शास्त्र स्वतः त्या जागी परत येतं का ते पाहतो. आलं तर मागे जातो. नाही आलं तर ते गाव गावच राहू देतो. तेलेमात आध्यात्मिक काहीही नाही. तिथे माणसं राहत होती, मेंढरं पाळत होती, एवढं पुरे.

उदाहरण अखोर खोऱ्याचं. यहोशवा सात. यरीहोच्या लुटीतून आखानाने शिनारचा एक उंची झगा, 200 शेकेल चांदी आणि 50 शेकेल वजनाची सोन्याची लगड लांबवली आणि डेऱ्यात जमिनीत पुरली. चांदी सगळ्यांच्या तळाशी. त्यापायी आय नगरापुढे छत्तीस माणसं मेली. आखानाला मुलाबाळांसकट, गुराढोरांसकट या खोऱ्यात आणून दगडमार केला, वर धोंड्यांची रास रचली. शास्त्रातल्या सर्वांत अंगावर येणाऱ्या जागांपैकी ही एक. मला तो अध्याय अजूनही पचत नाही आणि पचला पाहिजे असंही वाटत नाही.

आणि आठ अध्यायांनंतर यहूदाची सीमा आखताना रेघ सरळ याच खोऱ्यातून जाते. वळसा घातलेला नाही. ज्या वंशातून आखान होता त्याच यहूदा वंशाच्या वतनाची हद्द. त्यानंतर कित्येक शतकं कुणी या जागेचं नाव काढत नाही, आणि मग होशेय येतो. घर मोडलेला संदेष्टा. देव इस्राएलाला परत रानात नेऊन तिच्याशी गोड बोलेल आणि अखोर खोरं ‘आशेचे द्वार’ करून देईल, असं तो म्हणतो (2:15). यशया 65:10 मध्ये तर तिथे गुरं निवांत बसलेली आहेत. जिथे आखानाची गुरं दगडांखाली गेली, तिथे.

हे मी जोडलेलं नाही. होशेयाने जोडलंय, यशयाने जोडलंय. पण सीमेच्या यादीत ते नाव वाचताना थांबलो नसतो तर मला ते तीन ठिपके एका रेषेत दिसले नसते.

स्नेहांकिता

याच अध्यायात मधेच एक बाई गाढवावरून उतरते, तिच्याबद्दल कुणीच बोललं नाही! 15:16 ते 19. कालेबाची मुलगी अखसा. बापाने जाहीर केलं, जो किर्याथ-सेफर घेईल त्याला मुलगी देईन, आणि अथनिएलाने ते घेतलं. इथवर ती नुसतं बक्षीस आहे. पण पुढच्याच वचनात ती गाढवावरून खाली उतरते. कालेब विचारतो, काय पाहिजे? ती म्हणते, मला देणगी द्या. तुम्ही मला नेगेबातली, दक्षिणेच्या कोरड्या मुलखातली, जमीन दिलीत, आता पाण्याचे झरेही द्या. आणि तो वरचे झरे आणि खालचे झरे, दोन्ही देतो.

संपलं. ना देवाचं नाव, ना संदेष्टा, ना चमत्कार. कोरडवाहू रानाला पाणी मागणारी मुलगी आणि देणारा म्हातारा बाप. शास्ते या पुढच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात हीच गोष्ट जवळजवळ शब्दाला शब्द परत येते. खारवडींचा नियम इथेही लागू.

ती जमीन कुठली असेल याचाही माग काढलेला आहे. हेब्रोनच्या नैर्ऋत्येला खिर्बेत रबूद म्हणून टेकाड आहे, ते दबीर, म्हणजे हेच किर्याथ-सेफर, असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या रानात नदी नाही. जवळ दोन विहिरी आहेत, एक वरची, एक खालची. इतकी साधी गोष्ट.

मला ही बाई प्रार्थनेच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवते. आपण देवाजवळ मागताना किती आडवळणं घेतो. तुझी इच्छा असेल तर, योग्य असेल तर, मी पात्र नाही पण. अखसा म्हणते, जमीन दिलीत, पाणी द्या.

अनामवाचक

+१. आणि सलाफहादच्या मुली? महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बापाला मुलगा नव्हता, तर पाच जणी मोशेपुढे उभ्या राहिल्या की आमच्या बापाचं नाव का पुसायचं (गणना 27). देव म्हणाला, त्या बरोबर बोलतात. यहोशवा 17 मध्ये त्यांना खरंच वाटा मिळतो.

शोशन्ना

अनामवाचक, यात एक भर. 1910 मध्ये शोमरोनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या राजधानीच्या, उत्खननात राजवाड्याच्या परिसरात मडक्यांचे फुटके तुकडे सापडले, शाईने लिहिलेले. इ.स.पू. आठव्या शतकातले. मजकूर अगदी रुक्ष. अमुक वर्षी, अमुक भागातून, जुन्या द्राक्षारसाचं एक भांडं, शुद्ध तेलाचं एक भांडं. पण माल ज्या भागांतून आला त्यांची नावं बघा: अबीएजेर, हेलेक, अस्रिएल, शखेम, शमीदा. मनश्शे वंशाच्या वाट्यात यहोशवा 17:2 ला ज्या घराण्यांची नावं आहेत तीच. आणि त्यांच्या जोडीला दोन नावं आणखी: नोआ आणि होग्ला.

म्हणजे त्या मुली कथेतल्या असोत की इतिहासातल्या, त्यांच्या नावाचे मुलूख प्रत्यक्ष होते आणि तिथून राजाच्या कोठारात तेल येत होतं. बापाचं नाव पुसू नये म्हणून भांडल्या. टिकली त्यांची स्वतःची नावं, तीही तेलाच्या पावतीवर.

चौकस_मी

हे मात्र भारी आहे. मान्य.

दगडधोंडे

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं कडू बोलतो. ही जमीन रिकामी नव्हती. ज्या शंभर नगरांच्या यादीत तुम्ही अर्थ शोधताय तिथे आधी कुणीतरी राहत होतं. चिठ्ठ्या टाकून वाटलेली जमीन ही ज्याच्याकडून घेतली त्याच्या दृष्टीने काय असेल? आणि ही पानं हातात धरून आजही त्या देशात लोक हद्दी सांगतात. सीमेत अध्यात्म बघणं मला धोक्याचं वाटतं. रेघ पवित्र झाली की पलीकडचा माणूस दिसेनासा होतो.

खारवडी

हा प्रश्न यायलाच हवा होता. याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे असतं त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. पण याच पानांत काय काय आहे ते तरी नीट बघू.

पहिलं म्हणजे ही यादी विजयाची म्हणून फार कच्ची आहे. 15:63, यहूदाला यबूसी घालवता आले नाहीत. 16:10, गेजेरचे कनानी तिथेच राहिले. 17:12, मनश्शेलाही जमलं नाही. लिहिणाऱ्याला हे गाळता आलं असतं.

दुसरं, लेवीय 25:23. जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे परके आणि उपरे आहात, असं देव म्हणतो. वतन मिळालेल्यालाही मालकी नाही. ही अट वाचल्याशिवाय यहोशवा 15 वाचणं म्हणजे अर्धाच करार वाचणं. ज्यांनी तो हातात धरून माणसं हाकलली त्यांनी ही ओळ सोडली.

तिसरं, मला फार महत्त्वाचं वाटतं ते: या ग्रंथात सर्वांत पवित्र ठरलेल्या काही जागा पैसे मोजून घेतलेल्या आहेत. अब्राहाम मकपेलाची गुहा एफ्रोन हित्तीकडून 400 शेकेल चांदीला घेतो, सगळ्या गावासमोर, घासाघीस न करता. त्याला फुकट देऊ केली होती. दावीद यबूसी अरवनाचं खळं 50 शेकेलला घेतो, तेही फुकट मिळत असताना, कारण ज्याला किंमत पडली नाही ते मी देवाला वाहणार नाही. परंपरेने त्याच खळ्यावर मंदिर उभं राहिलं. म्हणजे यहूदाला जे यबूसी घालवता आले नाहीत त्यांच्यापैकीच एकाशी दावीदाने व्यवहार केला, आणि मंदिराचा पाया त्या व्यवहारावर आहे.

आणि यहेज्केल. हद्दपारीत बसून तो देशाच्या सीमा नव्याने आखतो, अध्याय 47-48, अगदी यहोशवासारख्याच. पण तिथे एक कलम वाढलंय. तुमच्यामध्ये राहणाऱ्या, तुमच्यात ज्यांना मुलंबाळं झाली अशा परदेशीयांनाही चिठ्ठ्या टाकून वतन द्यायचं, ज्या वंशात तो राहतो त्या वंशात. एकदा देश गमावल्यावर आखलेली हद्द अशी निघाली.

याने आय नगरातल्या मेलेल्यांचं उत्तर मिळत नाही. नाहीच मिळत.

दगडधोंडे

ठीक. यहेज्केलचं माहीत नव्हतं. माझा आक्षेप कायम, पण वाचतोय.

अनामवाचक

मला लेवींबद्दल, म्हणजे देवसेवेसाठी वेगळ्या ठेवलेल्या वंशाबद्दल, बोलायचंय. माझं आयुष्य भाड्याच्या घरांत गेलं, नोकरीच तशी. ‘वतन’ या विषयावरचं कुठलंही प्रवचन मला आतून खुपायचं. मग कुणीतरी यहोशवा 13:33 दाखवलं: लेवीच्या वंशाला मोशेने वतन दिलं नाही, इस्राएलाचा देव परमेश्वर हेच त्यांचं वतन. ऐकायला छान, पण तेव्हा मला ती समजूत घातल्यासारखी वाटली. जमीन नाही ना, मग घ्या देव.

पुढे गणना 35 वाचलं आणि मत बदललं. देव त्यांना हवेत लटकवत नाही. 48 नगरं, आणि प्रत्येक नगराच्या भिंतीपासून बाहेर एक हजार हात गायरान, गुरांसाठी. पुढच्या वचनात चारही बाजूंना दोन-दोन हजार हात मोजा असंही आहे. त्या दोन आकड्यांचा मेळ कसा घालायचा यावर लोक अजून डोकं खाजवतात. पण मला ते गायरानच आवडलं. ‘देवच तुमचं वतन’ म्हटल्यानंतर तुमची गाय कुठे चरेल याचा विचार केलेला आहे.

स्तोत्र 16 मध्ये मापाची सूत्रं रमणीय ठिकाणी पडली असं म्हणणारा याच वाटपाची भाषा बोलतोय, आणि त्याच्या एकच ओळ आधी परमेश्वर माझा वाटा आहे म्हणतो. तिथे मी थांबते.

उंबरठा

सुंदर लिहिलंत.

मी परत आले, या वेळी गृहपाठ करून. हिन्नोमचं खोरं! 15:8. इथून सीमा जाते, इथेच पुढे मुलांचे होम झाले, योशीयाने तिथलं तोफेत नावाचं होमाचं ठिकाण भ्रष्ट केलं, यिर्मयाने त्याला कत्तलीचं खोरं म्हटलं, आणि प्रभूच्या तोंडी ते नरकाचं नाव झालं. शहराचा कचरा तिथे सतत जळत असायचा म्हणून ते रूपक. बघा, शास्त्र परत येतंय की नाही?

शोशन्ना

येतंय, अगदी बरोबर. फक्त तो जळता कचरा काढून टाका. ती कल्पना बाराव्या-तेराव्या शतकातल्या दावीद किम्ही या यहूदी भाष्यकाराकडून येते. त्याआधीच्या लिखाणात ती सापडत नाही आणि उत्खननातही तसा पुरावा मिळालेला नाही. कचऱ्याची गरजही नाही. मुलांचे होम पुरेसे आहेत.

त्या बदल्यात एक देते. 1979 मध्ये गाब्रिएल बारकाय या पुरातत्त्वज्ञाने याच खोऱ्याच्या उतारावर, केतेफ हिन्नोम इथे, खडकात कोरलेल्या थडग्यांत चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या शोधल्या. गळ्यात ताईत म्हणून घालत असाव्यात. न तुटता उलगडायलाच काही वर्षं गेली. मोठी उलगडल्यावर जेमतेम दहा सेंटिमीटर. त्यावर ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं, आणि मजकूर गणना 6 मधल्या याजकीय आशीर्वादाचा: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझे रक्षण करो. काळ इ.स.पू. सातव्याचा शेवट ते सहाव्याची सुरुवात. शास्त्रातल्या वचनांचा आज हाती असलेला सर्वांत जुना लेख हाच, मृत समुद्राच्या गुंडाळ्यांहून काही शतकं जुना.

साधारण यिर्मया ज्या काळात त्या खोऱ्याला शाप देत होता, त्याच काळात त्याच्या काठावर कुणीतरी आपल्या माणसाला हा आशीर्वाद बांधून पुरलं.

पहाटपक्षी

एक बाळबोध प्रश्न. बोहनाचा दगड म्हणजे काय? 15:6, ‘रऊबेनाचा पुत्र बोहन’. रऊबेनाचा वाटा तर यार्देनच्या पलीकडे, पूर्वेला ना? त्याचा दगड इकडे कसा?

खारवडी

बाळबोध कसला, चांगला प्रश्न आहे. रऊबेनाच्या मुलांच्या याद्यांत बोहन नाही. त्याचा उल्लेख दोनदाच, इथे आणि 18:17 मध्ये बन्यामिनाची तीच सीमा उलट दिशेने सांगताना. दोन्हीकडे दगडासोबतच. माझ्या नियमाप्रमाणे मी इथे गप्प बसतो. नदीच्या चुकीच्या बाजूला एका माणसाच्या नावाचा दगड होता आणि दोन वंशांनी तो खूण म्हणून मानला.

दगडाला मान होता हे नक्की. अनुवाद या ग्रंथात, 27:17, शेजाऱ्याची सीमेची खूण सरकवणारा शापित, आणि सर्व लोकांनी आमेन म्हणायचं. त्याच यादीत मूर्तिपूजा आहे, आंधळ्याला वाट चुकवणं आहे. नीतिसूत्रे 23:10 मध्ये तर अनाथांच्या शेताची खूण खास नाव घेऊन सांगितली आहे, कारण सरकवतात ती त्यांचीच. रात्री वीतभर सरकवलेला दगड कुणाला दिसत नाही. म्हणून तो शाप.

असे दगड प्रत्यक्ष बघायचे तर गेजेर. 1874 मध्ये क्लेरमाँ-गानो या फ्रेंच अभ्यासकाला तिथे खडकावर कोरलेली अक्षरं मिळाली, इब्रीत ‘गेजेरची हद्द’ आणि ग्रीकमध्ये ‘अल्किओसची’. हस्मोनी-हेरोदी काळातली, म्हणजे ख्रिस्ताच्या काळाच्या आसपासची, यहोशवाच्या कितीतरी नंतरची. गावची हद्द एका बाजूने, जमीनदाराचं नाव दुसऱ्या बाजूने. बोहनाचंही असंच काही असेल, कोण जाणे.

स्नेहांकिता

जमिनीच्या व्यवहाराचं निघालंय तर यिर्मया 32 राहून कसं चालेल? सिद्कीया राजाचं दहावं वर्ष, बाबेलच्या फौजेचा वेढा, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे, जवळचा नातलग म्हणून ते सोडवण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमच्या अगदी शेजारी. म्हणजे ते शेत त्या क्षणी शत्रूच्या ताब्यात असणार. हनामेलला गिऱ्हाईक मिळत नव्हतं हे उघड आहे!

यिर्मया 17 शेकेल चांदी काट्यावर तोलून देतो. साक्षीदार, सह्या, एक मोहरबंद प्रत, एक उघडी प्रत. दोन्ही बारूखाकडे देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. आणि सगळं झाल्यावर प्रार्थनेला बसतो, त्या प्रार्थनेचा सूर साधारण ‘देवा, शहर चाललंय बाबेलच्या खाल्डियांच्या हाती आणि तू मला शेत घ्यायला लावलंस?’ असा आहे. आधी खरेदीखत, मग शंका. हा क्रम मला फार आवडतो.

चौकस_मी

त्यात एक बारकावा. अनाथोथ यहोशवा 21:18 मध्ये लेवींना दिलेल्या नगरांत आहे, आणि यिर्मया याजकांच्या घराण्यातला. म्हणजे ज्यांना वतन नाही अशांपैकी एकाने बुडत्या देशातला तुकडा विकत घेतला. अनामवाचकांच्या गायरानाला जोडून घ्या. (मी अर्थ काढत नाहीये, फक्त क्रॉस-रेफरन्स देतोय.)

उंबरठा

चौकसराव, सुरुवात अशीच होते!

पहाटपक्षी

मला आता खरंच वाचायचंय. कुठून सुरू करू? तेरापासून सलग घेतलं तर मी परत गळणार हे माहीत आहे.

खारवडी

सलग घेऊच नका. नकाशा हवा, तो अट्टाहासाने मिळवा. नाहीतर सगळं डोक्यावरून जाईल. पहिल्या दिवशी फक्त 15:5 ते 11, उत्तर सीमा. मग 18:15 ते 19, बन्यामिनाची दक्षिण सीमा. तीच रेघ पश्चिमेकडून पूर्वेला. दोन्ही ताडून बघा, एन-रोगेल आणि हिन्नोम कुठे येतात ते स्वतः शोधा. यरुशलेम रेघेच्या कुठल्या बाजूला पडतं तेही बघा. 15:63 आणि शास्ते 1:21 यांत यबूसी न घालवल्याचा दोष एकदा यहूदावर आणि एकदा बन्यामिनावर का आहे ते तिथेच कळेल. नंतर 1 शमुवेल 6, गाईंसाठी. यहूदाच्या नगरांची यादी चाळा, पण सक्ती नको.

मग 19:49-50. सगळ्यांची वाटणी झाल्यावर शेवटी यहोशवाला त्याने मागितलेलं एक गाव मिळतं, तिम्नाथ-सेरह, एफ्राइमच्या डोंगराळ भागात. ते तो बांधतो आणि तिथे राहतो. दोन वचनं आहेत, चुकतील म्हणून आधीच सांगितलं.

दगडधोंडे

आणि दान वंश? त्यांना वाटा मिळाला, टिकला नाही, मग उत्तरेला जाऊन निवांत राहणाऱ्या लईशवर पडले. 19:47. सीमेबाहेर गेलेल्यांचं अध्यात्म काय म्हणायचं?

खारवडी

दानाचं इथे उरकण्यासारखं नाही. शास्ते 17-18 घ्यावं लागेल, मीखा नावाच्या माणसाची मूर्ती (संदेष्टा मीखा वेगळा), तो पगारी लेवी, आणि चोरून नेलेला देव. लईशच्या लोकांबद्दल तर शास्त्रच दोनदा सांगतं की ते शांत आणि बेसावध होते, आणि त्यांना सोडवायला कुणी नव्हतं. वेगळा धागा काढतो. सुरुवात तुम्हीच करा हवं तर, आक्षेप तुमचा आहे.